शस्त्रक्रियेनंतरची गृहशुश्रूषा

आमच्या पिढीतील व्यापारी वर्ग आता वयाच्या अशा टप्प्यावर येऊन पोहोचला आहे की, कोणाचा गुडघा बदलावयाचा आहे, कोणाच्या हृदयाची बायपास व्हावयाची आहे, कोणी अंतर्गळ वर्षानुवर्षे पट्टा बांधून दाबून ठेवलेला आहे, अशी वार्ता आठवड्यास एक तरी कानी येतेच. अशा वेळी आपण तीन गोष्टींची चौकशी करतो : डॉक्टर कोण, रुग्णालय कोणते आणि खर्च किती. ती करावयास हवीच. परंतु घरी आल्यावर यांना उठवणार कोण, स्नान घालणार कोण, रात्री शौचास नेणार कोण, हा चौथा प्रश्न रुग्णालयाचा निरोपाचा कागद हाती पडेपर्यंत बहुधा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख या चौथ्या प्रश्नासंबंधी आहे.

आम्ही वैद्य नव्हे. धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. औषधोपचाराविषयी सांगण्याचा आमचा अधिकार नाही व तसा हेतूही नाही. परंतु औषध, इंजेक्शन व जखमेची पट्टी वगळून जी सेवा उरते, तिची व्यवस्था लावणे हे गृहस्थाचे काम आहे. वखारीत जागा, ताडपत्री व हमाल यांची तजवीज केल्यावाचून आपण मालाची गाडी मागवीत नाही. मग घरचे वडील माणूस रुग्णालयातून येणार असता ती तजवीज आधी का नसावी ?

काळ कसा पालटला

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले. त्यानंतर कित्येक दशके बेळगाव, कोल्हापूर, सांगली या टापूत 'मिरजेला नेले' याचा अर्थ शस्त्रक्रियेसाठी नेले, असाच होत असे. त्या काळी रोगी दोन-तीन आठवडे खाटेवर पडून राही, आणि घरी परतला म्हणजे बहुतांशी बरा होऊन परते. पडून राहणे हाच त्या वेळी उपचाराचा एक भाग मानला जाई.

ही समजूत हळूहळू मागे पडली. डॉ. रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज वैद्याने १९४७ साली एका प्रसिद्ध लेखात, अंथरुणात पडून राहिल्याने फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे व मन या सर्वांचे कसे नुकसान होते, हे दाखवून दिले. पुढे १९९० नंतरच्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी शस्त्रक्रियेनंतर रोग्याला लवकर उठवणे, लवकर खाऊ घालणे आणि लवकर चालवणे यांची शिस्तबद्ध पद्धती घालून दिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस खाटेवर ठेवले असता त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. धान्यातली घट आपण तोळ्यामाशाने मोजतो. शरीरातली ही घट मात्र पांघरुणाखाली दिसत नाही.

परिणामी आज पित्ताशय दुर्बिणीतून काढले तर रोगी एक-दोन दिवसांत, गुडघा बदलला तर सर्वसाधारणपणे तीन ते पाच दिवसांत, आणि मोतीबिंदू काढला तर त्याच दिवशी घरी येतो. ही प्रगती होय, यात शंका नाही. परंतु पूर्वी जे पंधरा दिवस रुग्णालयातील परिचारिका सांभाळीत, ते आता घराच्या अंगावर आले आहेत, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांच्या ध्यानात अद्याप आलेली नाही.

उपचार आणि शुश्रूषा यांची सीमा

गृहशुश्रूषेचे पहिले तत्त्व म्हणजे आपली हद्द ओळखणे. उठवणे-बसवणे, चालताना सोबत करणे, स्नान, कपडे, शौच, केस विंचरणे, भोजन, वेळेवर औषधाची आठवण देणे, खोली स्वच्छ ठेवणे, गप्पागोष्टी करणे आणि काही वेगळे दिसल्यास कळवणे ही शुश्रूषा होय. इंजेक्शन देणे, जखमेची पट्टी बदलणे, लघवीची नळी घालणे वा काढणे, औषधाचे प्रमाण कमीजास्त करणे हा उपचार होय. तो परिचारिकेने किंवा डॉक्टरांनीच करावा. पगारी मदतनीस 'मला सर्व येते' म्हणून इंजेक्शन देऊ लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. तद्वतच जखमेवर हळद, तूप, राख वा कोणाच्या सांगण्यावरून आणलेला लेप घरच्यांनीही लावू नये.

मालीश हा आपल्याकडचा आवडता विषय. म्हणून त्याविषयी स्वतंत्रपणे सांगतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पायांतील खोल रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचे भय असते. अशा वेळी पोटरी दुखते म्हणून ती जोराने चोळली, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि तसे झाल्यास प्राणावर बेतते. यास्तव डॉक्टरांच्या अनुमतीवाचून पायांना मालीश मुळीच करू नये.

घराची पूर्वतयारी

आपल्या जुन्या पेठांतील घरे मोठी असतात, पण रोग्याला सोयीची नसतात. उंच उंबरठे, माडीवरची निजण्याची खोली, मागील दारी न्हाणीघर आणि खाली बसावयाचे शौचकूप असा सर्वत्र प्रकार. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच पुढील गोष्टी कराव्यात.

निजण्याची व्यवस्था तळमजल्यावर, शौचालयानजीक करावी. खाट अशी असावी की, कडेला बसल्यावर दोन्ही पाय जमिनीस टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत. शौचासाठी कमोड किंवा खुर्चीचा कमोड, न्हाणीत भक्कम खुर्ची, भिंतीस धरावयाचा लोखंडी दांडा व खाली न सरकणारी रबरी चटई असावी. वाटेतील सतरंज्या, पायपुसणी व विजेच्या लोंबत्या तारा उचलाव्यात. रात्रभर मंद दिवा जळता ठेवावा, आणि उशाशी हात पोहोचेल अशी घंटा, पाणी, चष्मा व काठी वा वॉकर असावा. ही बहुतेक साधने भाड्याने मिळतात. अनेक शहरांतून जैन व इतर सेवाभावी संस्था ती अनामत घेऊन वापरावयासही देतात.

या तयारीचे मोल किती, हे आमच्या वडील बंधूंच्या वेळी आम्हास प्रत्यक्ष दिसले. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यानंतर ते घरी आले, तेव्हा रात्री कोणाची झोप मोडू नये म्हणून एकटेच उठण्याचा त्यांचा स्वभाव आम्हास ठाऊक होता. सबब त्यांच्या खाटेजवळ निजावयास माणूस ठेवला आणि हातात घंटा दिली. पहिल्या आठवड्यात ती घंटा रात्री तीन-तीन वेळा वाजे. ते दर वेळी 'उगीच तुम्हाला त्रास' म्हणत, आणि आम्ही दर वेळी मनातल्या मनात त्या घंटेचे आभार मानीत असू. संकोची माणूस हाच अशा घरातील सर्वांत जोखमीचा रोगी होय.

उठवणे, चालवणे, निजवणे

रोग्याला हाताला धरून ओढून उठवू नये. वृद्धाचा खांदा त्याने निखळू शकतो. आमच्या वखारीतील जाणता हमाल पन्नास किलोचे पोते उचलताना कमरेत वाकत नाही; गुडघ्यांत वाकतो, भार अंगाशी घेतो आणि मग सरळ होतो. रोग्यास आधार देणाऱ्यानेही हेच करावे. रोग्याच्या कमरेस रुंद पट्टा बांधून तो धरला असता दोघांसही सोपे जाते. निजलेला माणूस एकदम उभा राहिला तर घेरी येते. म्हणून खाटेच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे बसवून मगच उभा करावा.

गुडघा बदललेल्या रोग्यास बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी देण्याची चाल आहे. तसे करू नये. त्याने गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. उशी द्यावयाची ती घोट्याखाली. खुबा बदललेल्यांपैकी ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल, त्यांनी पायावर पाय टाकू नये, सखल आसनावर बसू नये व खाली वाकून वस्तू उचलू नये. बायपास झालेल्याच्या छातीचे हाड सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात; तोवर त्याने जड वस्तू उचलू नये आणि उठताना हातांवर भार देऊ नये. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. पोटाच्या शस्त्रक्रियेतही खोकताना पोटाशी उशी धरल्याने वेदना कमी होते. दीर्घ श्वास घेण्यासाठी तीन चेंडूंचे जे छोटे यंत्र रुग्णालयातून मिळते, ते मुलांचे खेळणे समजून कपाटात ठेवू नये. छातीत कफ साचून ज्वर येऊ नये म्हणून ते असते.

जो मुळीच हलू शकत नाही, त्याची कूस सामान्यतः दर दोन तासांनी बदलावी आणि टाचा, माकडहाड व कंबर यांवरील त्वचा रोज पाहावी. तेथे न जाणारी लाली दिसली, तर ती शय्याव्रणाची पहिली खूण समजावी.

आहार, व्रते आणि औषधे

आपल्या समाजापुरता हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. जखम भरण्यास व गेलेले मांस परत येण्यास प्रथिने लागतात. निरोगी माणसास दर दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. आजारातून उठणाऱ्या वृद्धास १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हा हिशेब डॉक्टरांकडूनच घ्यावा. शंभर ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम, अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात. उरलेली पोळी, दही व अन्य कडधान्यांतून सहज भरून निघतात. कंदमुळे वर्ज्य केल्याने यात काही उणे पडत नाही. उणे पडते ते रोग्यास आठ-आठ दिवस केवळ पेज व चहा यांवर ठेवल्याने. वेदनाशामक औषधांनी मलावरोध होतो. त्यास भरपूर पाणी, भाजीपाला व चालणे हा घरचा उपाय आहे. तेवढ्याने भागत नसल्यास डॉक्टरांस सांगावे, लाजू नये.

सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या वडिलधाऱ्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. दिवसातून एकदा वा दोनदा घ्यावयाची पुष्कळ औषधे सूर्योदय-सूर्यास्ताच्या मर्यादेत बसवता येतात. दर आठ तासांचे औषध बसत नाही. मधुमेही माणसाने इन्सुलिन घेऊन उपवास केला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याऐवजी गोळी वा वनस्पतिजन्य कवच मिळते काय, हे विचारता येते. रक्त गोठू नये म्हणून दिली जाणारी हेपॅरिन जातीची इंजेक्शने डुकराच्या आतड्यापासून बनतात. कृत्रिमरीत्या बनवलेले पर्याय उपलब्ध आहेत, परंतु ते कोणास चालतील हे डॉक्टरच ठरवतील. येथे एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. हा प्रश्न तारीख ठरते त्या दिवशी विचारावयाचा आहे. घरी आल्यावर कोणास न कळवता औषध बंद करणे, यासारखा घातक मार्ग नाही. आजारात नियमास सवलत घेऊन पुढे प्रायश्चित्त घेण्याची सोय शास्त्रकारांनी ठेवलेली आहे. त्याविषयी महाराजांचा वा पंडितांचा सल्ला आधीच घेतल्यास रोग्याच्या मनावरील भार उतरतो.

माणूस नेमताना

'घरात मुलगा-सून असता परका माणूस कशाला ?' हा उद्गार आम्ही अनेक घरांत ऐकला आहे. त्यातील प्रेम खरे, पण हिशेब चुकीचा. मुलगा पुण्यास वा बंगळुरास नोकरीत, घरी वृद्ध पत्नी किंवा एकटी सून. तिला स्वयंपाक, मुले, येणारेजाणारे पाहुणे आणि वर सत्तर किलोच्या माणसास उठवणे! शिवाय सासऱ्यास सुनेकडून स्नान घालून घेणे प्राणांतिक संकोचाचे वाटते; मग तो स्नान टाळतो, पाणी कमी पितो, रात्री एकटाच उठतो. या संकोचापोटी किती वृद्ध पुन्हा पडले असतील ! अशा ठिकाणी दोन-तीन आठवड्यांकरिता पगारी मदतनीस ठेवणे ही कर्तव्यच्युती नव्हे. कर्तव्याचीच ती व्यवस्था होय.

मदतनीस निवडताना त्याने शुश्रूषेचे शिक्षण घेतले आहे काय, हे पाहावे. 'जनरल ड्युटी असिस्टंट' या नावाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आता आहे. ओळखीचे कागद व पूर्वीच्या एक-दोन घरांचा अभिप्राय घ्यावा आणि पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. पुरुषास पुरुष व स्त्रीस स्त्री मदतनीस असावी. रोग्याची भाषा त्याला यावी. आमच्या सीमाभागात मराठी व कानडी दोन्ही येणारा माणूस मिळाल्यास उत्तम. कामाची यादी, तास, वेतन व सुटीचा दिवस कागदावर लिहून द्यावा. एका परिचित घरी चोवीस तासांसाठी म्हणून एकच माणूस पाठवण्यात आला, आणि चौथ्या रात्री तो इतका गाढ झोपला की रोग्याच्या हाका त्याच्या कानी गेल्या नाहीत. दोष त्या माणसाचा म्हणवत नाही. चार दिवस न झोपता कोण राहील ? रात्रंदिवस गरज असेल, तर दोन पाळ्यांत दोन माणसे ठेवावीत, किंवा रात्र घरच्यांनी वाटून घ्यावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. आपल्या स्वयंपाकघराचे नियम त्याला समजावून सांगावेत. परंतु ज्याच्या हाताने आपले वडील स्नान करतात, त्याच्या चहाचा पेला वेगळा ठेवणे शोभत नाही. त्याला वेळेवर जेवू घालावे, आदराने हाक मारावी, आणि झाडलोट-धुणीभांडी त्याच्यावर लादू नयेत.

खर्चाविषयी इतकेच की, आरोग्यविम्यात रुग्णालयोत्तर औषधे व तपासण्या ठराविक दिवसांपर्यंत मिळत असल्या, तरी घरच्या मदतनीसाचे वेतन सामान्यतः मिळत नाही. विम्याचा कागद आधी वाचावा आणि ही रक्कम शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकातच धरावी.

नोंदवही आणि धोक्याच्या खुणा

पेढीवर रोजमेळ असतो, तशी रोग्याच्या उशाशी एक वही असावी. औषध केव्हा दिले, काय खाल्ले, किती चालले, शौच व लघवी झाली काय, ताप किती, हे ज्याने पाहिले त्याने त्याच वेळी लिहावे. पाळी बदलताना दुसऱ्याने ती वाचावी. डॉक्टरांनी विचारल्यावर 'बरे आहेत' या उत्तरापेक्षा ही वही शतपटीने उपयोगी पडते.

ताप १०१ अंशांपर्यंत चढणे, जखम लाल, गरम होणे वा तीतून पू येणे, एका पोटरीस सूज व वेदना, लघवी बंद होणे, वारंवार वांती, या खुणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा शुद्ध हरपणे यांत वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्ध माणूस शस्त्रक्रियेनंतर कधी कधी असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांस ओळखत नाही, रात्री पेढीवर जावयास निघतो. ते वेड नव्हे व बाहेरची बाधाही नव्हे. हा भ्रम बहुधा काही दिवसांत ओसरतो. पण त्यामागे जंतुसंसर्ग वा औषध हे कारण असू शकते, म्हणून डॉक्टरांस तत्काळ सांगावे. चष्मा, श्रवणयंत्र, दिवसा उजेड, रात्री शांतता आणि जवळ परिचित माणूस यांनी त्यास पुष्कळ उतार पडतो.

पेढीवर परत केव्हा ?

भूल दिल्यानंतर निदान चोवीस तास कोणत्याही कागदावर सही करू नये व मोठा सौदा ठरवू नये. अंतर्गळाच्या रोग्याने चार ते सहा आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, पोत्यास हात लावू नये. नवा गुडघा घेऊन गादीवर मांडी घालून बसण्याचा हट्ट धरू नये. गादीशेजारी उंच खुर्ची ठेवल्याने पेढीची अब्रू कमी होत नाही. भेटीस येणाऱ्या स्नेह्यांनीही दहा मिनिटांत उठावे आणि बाजारभावाच्या वार्ता बाहेर ठेवून यावे.

आपल्या धर्मात वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, ही सहा आभ्यंतर तपांपैकी एक मानली आहे, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ग्लान, म्हणजे आजारी, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. हे तप मुनिसंघाच्या संदर्भात सांगितलेले असले, तरी गृहस्थासही त्यातून बोध घेता येईल. उपवासाचे तप सर्वांस दिसते. कोणाचे मलमूत्र न कुरकुरता उचलण्याचे तप चार भिंतींआड होते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. चार वॉकर, दोन खुर्चीचे कमोड, दोन पाठ उचलता येणाऱ्या खाटा व एक चाकाची खुर्ची एवढे साहित्य मंडळाने जमवून आपल्या कार्यालयात ठेवावे. जोडीस विश्वासू मदतनीसांची एक यादी असावी. ज्या सभासदाच्या घरी शस्त्रक्रिया ठरेल, त्याने यावे आणि सही करून साहित्य न्यावे. या वार्षिक अंकाच्या खर्चाच्या मानाने तो खर्च फार नाही, आणि त्याची गरज आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरास लागणार आहे.